समजून घ्या : मज्जातंतूंची चित्रे काढणारे डॉ. कार्टर मुंबई-साताऱ्यात काय शिकले?

बाळकुम नाक्यावरून निघालेल्या शेअर रिक्षात कडेची जागा मिळावी आणि चाक खड्ड्यात गेले की कोपर बाजूच्या दांडीवर आपटावे, हा अनुभव ठाणेकरांना नवा नाही. त्या क्षणी कोपरापासून करंगळीपर्यंत सणकन झिणझिणी जाते. आपण त्याला शॉक बसला म्हणतो. खरे तर त्यात मार बसतो तो हाडाला नव्हे, हाडाच्या मागून कातडीच्या अगदी खालून जाणाऱ्या एका मज्जातंतूला. हा मज्जातंतू जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ज्या ग्रंथाने दाखवला, तो 'ग्रेज अ‍ॅनॅटॉमी' १८५८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर तेव्हा लंडनमध्ये नव्हते. ते मुंबईत पोहोचले होते. पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी मुंबई प्रांतात काढली आणि ज्यांच्या कोपरातला हाच मज्जातंतू कायमचा मुका झाला होता, अशा कुष्ठरुग्णांचा अभ्यास केला. चेतासंस्था कशी बनली आहे आणि ती थांबली तर माणसाचे काय होते, हे दोन्ही समजून घ्यायला कार्टर यांच्या आयुष्याइतकी चांगली वाट दुसरी सापडणे कठीण.

कोण होते हेन्री कार्टर?

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे समुद्राची निसर्गचित्रे काढणारे जलरंग चित्रकार. धाकटा भाऊही चित्रकारच झाला. मुलाच्या नावातले 'व्हँडाइक' हेही एका जुन्या नामवंत चित्रकाराचे. घरात कुंचला असूनही मुलाने वैद्यकाची वाट धरली. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांचे शिक्षण झाले आणि तिथेच त्यांची गाठ हेन्री ग्रे यांच्याशी पडली. ग्रे त्यांच्यापेक्षा थोडे मोठे, हुशार, महत्त्वाकांक्षी आणि वर चढण्याची घाई असलेले. कार्टर बुजरे, धार्मिक आणि स्वतःवर सतत शंका घेणारे. ते रोजनिशी लिहीत. आपण वेळ वाया घालवतो, आपल्यात चिकाटी नाही, अशी टोचणी त्यांना आयुष्यभर लागून राहिली. प्रत्यक्षात चिकाटी हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण होता.

ग्रे यांच्या प्लीहेवरील पहिल्या ग्रंथासाठी कार्टर यांनी चित्रे काढली होती. त्या पुस्तकात त्यांचे ऋण मानले गेले नाही. तरीही ग्रे यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वस्त आणि अचूक शरीररचनाशास्त्राचे पुस्तक काढायचे ठरवले, तेव्हा कार्टर पुन्हा तयार झाले.

त्या ग्रंथात कार्टर यांचा वाटा किती?

जवळपास निम्मा. मजकूर ग्रे यांचा, चित्रे कार्टर यांची आणि शवविच्छेदने दोघांनी मिळून केलेली. सुमारे दीड वर्ष हे काम चालले. पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रे होती. ती लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापायची असल्याने कार्टर यांना आकृत्या ठोकळ्यावर उलट्या काढाव्या लागत. डावा हात उजवा दिसला पाहिजे आणि अक्षरेही उलटी, अशी ही कसरत. ज्यांची शरीरे टेबलावर होती, ती लंडनमधील निराधार, बेवारस माणसे. त्यांची नावे कुठेही नाहीत.

आधीच्या पुस्तकांत अवयवांना बारीक आकडे किंवा अक्षरे दिलेली असत आणि त्यांचा अर्थ खाली तळटीपेत शोधावा लागे. कार्टर यांनी स्नायूचे नाव स्नायूवर, मज्जातंतूचे नाव मज्जातंतूच्या रेषेवर लिहिले. रस्त्याच्या नकाशात रस्त्याचे नाव रस्त्यावरच छापलेले असते, तसे. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्या मुलाला याहून मोठी मदत कोणती? पुस्तक गाजले ते बऱ्याच अंशी या सोयीमुळे.

मोबदल्याचा हिशेब मात्र सारखा नव्हता. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड ठरले. कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले. मुखपृष्ठाच्या आतील पानाचे प्रूफ आले, तेव्हा ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टायपात घेण्याची खूण केली. पुस्तक आजही ग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. ते यश ग्रे यांना फार काळ पाहता आले नाही. देवी आलेल्या भाच्याची शुश्रूषा करताना त्यांनाही देवीची लागण झाली आणि १८६१ मध्ये, वयाच्या चौतिशीत, ते गेले.

कार्टर यांच्या चित्रांत चेतासंस्था कशी दिसते?

नकाशासारखी. चेतासंस्थेचे दोन मोठे भाग पडतात. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. त्यांच्यातून बाहेर पडून सर्व शरीरभर पसरणारे मज्जातंतू म्हणजे परिघीय चेतासंस्था. मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात आणि मेरुरज्जूतून ३१. डोळे, कान, चेहरा, जीभ यांचा कारभार मुख्यतः पहिल्या गटाकडे, तर हात, पाय आणि धड यांचा दुसऱ्या गटाकडे असतो. हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी यांसारख्या आपल्या इच्छेवर न चालणाऱ्या गोष्टी स्वायत्त चेतासंस्था सांभाळते.

इथे एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा. मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. हातावर दिसणारी निळी नस रक्ताची, तर 'नस दबली' यातली नस मज्जातंतू. पहिली पोकळ नळी आहे. दुसरा पांढरट, भरीव दोरखंड असून त्यात हजारो सूक्ष्म धागे एकत्र बांधलेले असतात.

कार्टर यांनी हे दोरखंड जागच्या जागी, अचूक काढले. पण ते धागे नक्की कसले आहेत, एक धागा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे १८५८ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते.

मग चित्रात न दिसलेली गोष्ट कोणती?

चेतापेशी. शरीरातील इतर पेशी विटांसारख्या एकमेकींना लागून बसतात. चेतापेशीचा आकार मुळासकट उपटलेल्या झाडासारखा असतो. तिचे तीन भाग. मध्ये पेशीकाय, ज्यात केंद्रक असते आणि पेशी जिवंत ठेवणारा सगळा कारखाना चालतो. त्याच्याभोवती फांद्यांसारख्या वृक्षिका, ज्या इतर पेशींकडून संदेश घेतात. आणि एक लांब शेपूट, अक्षतंतू, जो संदेश पुढे नेतो. कमरेच्या पातळीवरील मेरुरज्जूतून निघून पायाच्या स्नायूंपर्यंत जाणारा अक्षतंतू मोठ्या माणसात जवळपास एक मीटर लांब असतो. पेशीकाय मात्र साध्या डोळ्यांना दिसणारही नाही इतके लहान.

माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. कामावरून त्यांचे तीन गट पडतात. संवेदी चेतापेशी त्वचा, डोळे, कान यांच्याकडून खबर आत आणतात. प्रेरक चेतापेशी स्नायूंना आणि ग्रंथींना हुकूम देतात. सहयोगी चेतापेशी या दोघींमध्ये बसून आलेल्या खबरेचा अर्थ लावतात.

हे चित्र स्पष्ट व्हायला कार्टर यांचे सगळे आयुष्य गेले. इटलीच्या कॅमिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने पेशी काळी रंगवण्याची पद्धत जाहीर केली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत सुधारून वापरली आणि १८८८ पासून दाखवून दिले, की चेतासंस्था म्हणजे एकसंध जाळे नाही. ती स्वतंत्र पेशींची बनलेली आहे. अशा पेशीला 'न्यूरॉन' हे नाव १८९१ मध्ये मिळाले. दोन चेतापेशींमधील सूक्ष्म फटीच्या जागेला, म्हणजे संपर्कस्थानाला, 'सिनॅप्स' हे नाव पडले १८९७ मध्ये. कार्टर वारले ते याच वर्षी.

संदेश नेमका कसा धावतो?

मज्जातंतूची तुलना विजेच्या तारेशी केली जाते. अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाला ती लगेच पटते, पण ती अर्धीच बरोबर आहे. तारेतला विद्युतसंकेत प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने जातो आणि अंतर वाढेल तसा क्षीण होतो. मज्जातंतूतला संदेश त्या मानाने खूप सावकाश जातो, पण क्षीण होत नाही.

स्लॅब टाकताना मजुरांची रांग आठवा. घमेले एका हातातून दुसऱ्या हातात जाते, माणसे जागेवरच असतात. अक्षतंतूत असेच होते. शांत असताना त्याच्या आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. उद्दीपन पुरेसे असेल तर पेशीच्या पटलातील सूक्ष्म दारे उघडतात आणि सोडियमचे धनभारित कण आत शिरतात. त्या जागेचा भार क्षणभर उलटतो. त्यामुळे शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. मागे पोटॅशियमचे कण बाहेर पडतात आणि पहिली जागा पूर्ववत होते. प्रत्येक टप्प्यावर संदेश नव्याने तयार होतो, म्हणून तो शेवटपर्यंत तेवढाच जोरकस राहतो.

वेग वाढवण्यासाठी अनेक अक्षतंतूंवर मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे वेष्टन असते. हातापायांच्या मज्जातंतूंत हे वेष्टन श्वान पेशी गुंडाळतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून त्यांना हे नाव मिळाले. वेष्टन सलग नसते, मध्ये मध्ये उघड्या जागा असतात. जलद लोकल मधली स्थानके सोडत जाते, तसा संदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी घेतो. जाड वेष्टन असलेल्या तंतूंत त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जातो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला एक-दोन मीटर, कधी त्याहून कमी. म्हणूनच पायाचे बोट उंबरठ्यावर आपटले, की आपटल्याचे आधी कळते आणि ठसठस थोडी मागून येते.

अक्षतंतूच्या टोकाला संदेश पोहोचला, की तिथून रसायन बाहेर पडते, फट ओलांडते आणि पुढच्या पेशीला किंवा स्नायूला जागे करते. तापलेल्या तव्याला हात लागला तर मेरुरज्जू मेंदूची वाट न पाहता हात मागे घेण्याचा हुकूम सोडतो. चटका बसल्याचे मेंदूला कळते ते नंतर. ही प्रतिक्षिप्त क्रिया. वेदना नकोशी वाटते, पण शरीराचा पहारेकरी तीच आहे. हा पहारेकरी झोपला तर काय होते, हे कार्टर यांना मुंबईत दिसले.

कार्टर भारतात का आले?

लंडनमध्ये ओळखीपाळखीशिवाय पुढे जाणे कठीण होते. कार्टर यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेची परीक्षा दिली आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये बोट धरली. १८५७ चा उठाव अजून पुरता शमला नव्हता आणि कंपनीची सत्ता राणीकडे जाण्याच्या बेतात होती. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवण्याचे काम मिळाले. शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयातही ते काम करत.

पहिली काही वर्षे खासगी आयुष्याच्या दृष्टीने वाईट गेली. घाईने केलेला विवाह फसला आणि त्याचा बोभाटा त्यांच्यासारख्या संकोची माणसाला जाचला. त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या, गाठी आणि छिद्रे पाडणाऱ्या आजाराचे मूळ बुरशीत आहे हे त्यांनी मांडले आणि त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले. ते नाव आजही वापरात आहे.

१८६३ पासून जवळपास नऊ वर्षे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. तुरुंगाचीही देखरेख त्यांच्याकडे होती. लंडनच्या प्रयोगशाळांपासून हजारो मैलांवर, सूक्ष्मदर्शक आणि पेन्सिल एवढ्या सामग्रीवर, त्यांचे काम चालू राहिले.

कुष्ठरोग आणि मज्जातंतू यांचा संबंध कसा दिसला?

त्या काळी मुंबई प्रांतात, विशेषतः कोकण आणि दख्खनमध्ये, कुष्ठरोग सर्रास आढळे. लोक त्याला महारोग किंवा रक्तपिती म्हणत. पापाचे फळ, बिघडलेले रक्त, वाईट आहार, आनुवंशिकता अशी नाना कारणे सांगितली जात. उपाय शोधणारे इथलेही होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड कडू कवठीच्या बियांच्या तेलाने रुग्णांवर उपचार करत होते.

कार्टर यांनी शरीररचनाकाराच्या सवयीने प्रश्न विचारला. आजार शरीरात नेमका कुठे बसतो? रुग्णालयात मरण पावलेल्या कुष्ठरुग्णांच्या शवविच्छेदनांतून आणि जिवंत रुग्णांच्या तपासणीतून त्यांना दिसले, की हातापायांकडे जाणारे काही मज्जातंतू जाड झालेले आहेत आणि बधिरपणा व पांगळेपणा त्याच मज्जातंतूंच्या हद्दीत आहे. १८६३ मध्ये मुंबईतील वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष मांडले. नॉर्वेत डॅनिएलसेन आणि जर्मनीत फिरखो यांचेही मज्जातंतूंकडे लक्ष गेले होते. भारतात हे काम इतक्या बारकाईने करणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत कार्टर यांची गणना होते.

मज्जातंतूच्या नावाची अक्षरे ज्याने त्याच्या रेषेवर लिहिली होती, त्याच माणसाला आता तो तंतू सुजून गाठाळलेला दिसत होता. पुस्तकातला नकाशा इथे रोगनिदानाच्या उपयोगी पडला. कोणती बोटे बधिर आहेत हे कळले, की कुठला तंतू तपासायचा ते ठरत होते.

जंतू मज्जातंतूंचीच निवड का करतो?

याचे उत्तर कार्टर यांच्या हयातीत मिळाले नाही. आज ते ठाऊक आहे. कुष्ठरोगाचा जंतू पेशीच्या आत राहतो आणि त्याला वाढायला शरीराच्या गाभ्यापेक्षा थोडी थंड जागा लागते. त्वचा आणि त्वचेलगतचे मज्जातंतू ही अशी जागा. मज्जातंतूत तो घर करतो ते श्वान पेशीत, म्हणजे अक्षतंतूला वेष्टन घालून जपणाऱ्या पेशीतच. तो अतिशय सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे लागण आणि लक्षण यांच्यात वर्षे जातात. पुढे शरीराची प्रतिकारशक्ती जंतूवर तुटून पडते, तेव्हा सूज येते आणि त्या सुजेत अक्षतंतू चिरडले जातात.

कोपरामागचा तंतू कातडीलगत, थंड आणि हाडाच्या अरुंद खोबणीत बसलेला असतो. सुजला तर पसरायला जागा नाही. म्हणून तो वारंवार बळी पडतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा, घोट्याच्या आतल्या बाजूचा आणि चेहऱ्याचा मज्जातंतू हेही त्याच यादीतले.

पुढचे सगळे चेतापेशींच्या कामाच्या वाटणीवरून सांगता येते. संवेदी तंतू गेले, की चटका आणि टोचणे कळत नाही. गरम पातेले हातात धरले तरी हात मागे येत नाही. प्रेरक तंतू गेले, की अनामिका आणि करंगळी आत वळून पंजासारखी होतात, पाऊल लोंबते, पापणी मिटत नाही. स्वायत्त तंतू गेले, की घाम थांबतो, कातडी कोरडी पडून भेगाळते. त्या भेगेतून जखम, जखमेतून पू, पण दुखत नसल्याने माणूस तसाच चालत राहतो. बोटे झडतात असे आपण म्हणतो. ती जंतू खात नाही. न कळलेल्या जखमा ती झिजवतात. विसाव्या शतकात वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी हे ठामपणे दाखवले आणि स्नायुबंध हलवून वाकडे हात पुन्हा कामाचे करण्याच्या शस्त्रक्रिया रुजवल्या.

नॉर्वेच्या दौऱ्यातून काय हाती लागले?

१८७२ मध्ये कार्टर रजेवर युरोपात गेले आणि रजा त्यांनी अभ्यासात घालवली. १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले. त्याच वर्षी बर्गन येथे आर्मौअर हॅन्सन यांना कुष्ठरुग्णाच्या गाठीत काडीसारखे जंतू दिसले होते. माणसाच्या दीर्घकालीन आजाराशी एखाद्या जंतूचा संबंध जोडला जाण्याच्या अगदी सुरुवातीच्या घटनांपैकी ही एक. कार्टर यांचा तोवर कल आनुवंशिकतेकडे होता. पुरावा पाहिल्यावर त्यांनी मत बदलले. चाळिशी ओलांडलेल्या, त्याच विषयावर आधीच लेखन केलेल्या संशोधकाने असे करणे सोपे नसते. हॅन्सन यांच्या कामाची माहिती इंग्रजी वाचकांपर्यंत नेणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत कार्टर होते. १८७४ मध्ये नॉर्वेतील कुष्ठधामांवरचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. इटली, ग्रीक बेटे आणि पॅलेस्टाइन येथेही ते याच कामासाठी फिरले आणि परतल्यावर काठियावाडात त्यांनी रुग्णांची पाहणी केली.

त्यांची कोणती शिफारस वादग्रस्त ठरली?

रुग्णांना वेगळे ठेवण्याची. नॉर्वेत रुग्णांची नोंद आणि विलगीकरण यांमुळे आजार घटत असल्याचे त्यांनी पाहिले आणि भारतातही कुष्ठधामे उभारावीत असा आग्रह सरकारकडे धरला. आजार संसर्गजन्य आहे आणि औषध नाही, तर दुसरा मार्ग कोणता, हा त्यांचा तर्क होता. त्या काळच्या माहितीत तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण ज्यांना आधीच गावाबाहेर काढले जात होते, त्यांना बाहेर ठेवायला विज्ञानाचा आधार मिळाला, हेही खरे. विलगीकरणाच्या बाजूने बोलणारे कार्टर एकटे नव्हते. १८९८ मध्ये देशासाठी कायदा झाला आणि भिक्षेकरी कुष्ठरुग्णांना पकडून कुष्ठधामात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. तो कायदा औपचारिकरीत्या रद्द व्हायला २०१६ उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ मध्ये. म्हणजे जंतूवर औषध सापडल्यानंतरही कितीतरी वर्षे आपण रुग्णाला रोगासारखेच वागवत होतो.

अखेरची वर्षे कशी गेली?

१८७७ च्या सुमारास दुष्काळाने हैराण झालेले लोक मुंबईत लोटले आणि त्यांच्यात उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळणारे जंतू दाखवले. या कामात त्यांना स्वतःलाही त्या तापाने गाठले. १८८२ मध्ये त्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. १८८८ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १८९० मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केले, राणीचे मानद वैद्य म्हणून नेमणूकही त्याच वर्षी झाली. संसाराचे सुख उशिरा मिळाले आणि थोडेच टिकले. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. कुष्ठरोगाच्या जंतूचा जवळचा भाऊबंद म्हणावा असाच क्षयाचा जंतू.

आज या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की कुष्ठरोग बरा होतो आणि सरकारी व पालिका रुग्णालयांत त्या मोफत मिळतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णाकडून इतरांना लागण होण्याची शक्यता जवळपास संपते. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. त्याला निर्मूलन म्हटले गेले. पण देशात आजही दर वर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात.

औषध जंतूला मारते, मेलेल्या मज्जातंतूला उठवत नाही. तुटलेला अक्षतंतू पुन्हा वाढू शकतो, पण तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही पेशीकाय शाबूत आणि वाट मोकळी असेल तर. कोपरापासून करंगळीपर्यंतचे अंतर त्या वेगाने कापायला वर्षाहून अधिक काळ लागेल. म्हणून खरी शर्यत वेळेशी आहे. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श किंवा गरम-गार न कळणे, हातापायांना मुंग्या येत राहणे, बोटांतली पकड सैल होणे, यांपैकी काही दिसले तर तपासणी करून घ्यावी. असा बधिरपणा मधुमेहासारख्या इतर कारणांनीही येतो, म्हणून निदान घरी बसून करू नये. मज्जातंतूला सूज आली असली तरी वेळेत उपचार झाले तर तो वाचू शकतो.

कुष्ठरोग शोध मोहिमेत आशा कार्यकर्त्या घरोघरी येतात, अंगावर कुठे न दुखणारा चट्टा आहे का असे विचारतात. बाळकुमच्या गावठाणातल्या चाळीत दार उघडते. शेजारच्या टॉवरमध्ये बऱ्याचदा सुरक्षारक्षकाच्या टेबलावरूनच आमच्याकडे असे काही नसते, असे उत्तर मिळते. जंतूला मजल्यांचा हिशेब कळत नाही. दीडशे वर्षांपूर्वी जे. जे. रुग्णालयात एक अबोल डॉक्टर रुग्णाचे कोपर हातात घेऊन त्यामागचा तंतू चाचपत होता. मोहिमेत चट्टा सापडला, तर पुढच्या तपासणीत डॉक्टर आजही कोपरामागे तीच जागा चाचपून पाहतात. रिक्षाच्या दांडीवर कोपर आपटून झिणझिणी आली, तर थोडे हायसे वाटायला हरकत नाही. तो तंतू अजून बोलतो आहे.